उपाशी ट्रे

१७ तारीख, मंगळवार, जेवणाची सुट्टी

ताई,

आधी वाकून नमस्कार. पाठ समोरच आहे, पुढचं वाचून धपाटा घालायला सोपं जाईल.

मी बरा आहे. खोलीचं दार लाथेशिवाय उघडत नाही, एवढंच. चार महिने एका जागी टिकलोय हे भाऊजींना मुद्दाम सांग. ते पंधरा दिवस म्हणाले होते.

काम तेच, डासांच्या अळ्या वाढवायच्या. हसू नकोस. अळी काचेसारखी असते, भिंगाखाली धरली की तोंडापासून शेपटापर्यंत सरळ आतडं दिसतं. ती कात टाकत मोठी होते, आतडंही तिच्याबरोबर वाढतं. आणि डास व्हायची वेळ आली की ते अख्खं मोडीत! आत नवं तयार होतं, जुन्याचा पिवळा गोळा काही वेळ नव्याच्याच पोटात पडून असतो. बाईंनी हे दाखवलं त्या दिवशी मी ट्रे धुवायचेच विसरलो. बाई म्हणजे तुझी वर्गमैत्रीण. तुझ्या शब्दावर मला ठेवलं त्यांनी.

भरकटलो. सांगायचं होतं उपाशी ट्रेचं.

खाणं तोडलं तर आतडं वाढायचं थांबतं का, हा बाईंचा प्रश्न. म्हणून गुरुवारपासून एका ट्रेत नुसतं पाणी. त्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. शनिवारी मी एकटा होतो. अळ्या ट्रेच्या कडा चाटत होत्या, त्यांच्या आतड्यांच्या रिकाम्या नळ्या आरपार दिसत होत्या. चिमूटभर, ताई. माशांना घालतात ती भुकटी. एकदाच.

रविवारी सकाळी परत.

सोमवारपर्यंत नळ्या रिकाम्या झाल्या. बाईंनी अळ्या चिरून आतडी सोडवली, रंग देऊन पाहिली आणि मला हाक मारली.

"बघ, पोटात कण नाही आणि आतडं वाढतंय. दोन वर्षं सगळे मला वेड्यात काढत होते रे."

मी भिंगातून बघितलं. छान आहे म्हणालो.

आज चार वाजता त्या हे सगळ्यांसमोर मांडणार आहेत, बाहेरून मोठी माणसं आलीत. आत्ता शेजारच्या खोलीत पाठ करताहेत. भिंतीतून ऐकू येतंय, मधेच थांबून स्वतःशीच हसतात.

पिशवी सकाळीच भरून आणलीय. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? टायरचं दुकान, छापखाना, ती बोट, कुठूनही निघताना मी कुणाला सांगितलं नव्हतं. अडीचची बस फाटकासमोर थांबते. आत्ताच येऊन गेली.

पत्राची पेटी फाटकाबाहेर आहे. आधी पत्र टाकायला गेलो तर परत येणार नाही, मी स्वतःला पुरता ओळखून आहे. म्हणून हे खिशात घालून आधी बाईंच्या खोलीत जातो. तुला मिळालं, तर सांगून झालं असं समज.

पिशवी टेबलाखाली ठेवून चाललेला,
तुझा धाकटा