बाबांना दिलेलं अक्षर

सोमवार
नोकरी लागली! फोटो स्टुडिओ आहे. दुसरा मजला, जिना अरुंद, पण खोली भरपूर उजेडाची. मालकांना सगळे मास्तर म्हणतात. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. गिऱ्हाईकं पेन ड्राइव्ह नाहीतर कॅमेऱ्याची कार्डं आणून देतात, त्यातले फोटो मी उतरवून घ्यायचे. अडचण एवढीच की लावलेल्या प्रत्येक ड्राइव्हला कॉम्प्युटर मनाला येईल ते अक्षर देतो. आज एफ, उद्या जी. त्या घोळात मागे एका नवरीच्या फोटोंवर कुणाच्या तरी गळक्या छताचे फोटो चढले होते म्हणे. मी कॉम्प्युटरमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून अक्षरं कायमची वाटून टाकली. कार्डांना के, पेन ड्राइव्हना पी, बॅकअपला एक्स. मास्तर खूश. आधीचा ऑपरेटर फारच विसरभोळा होता, असं सांगत होते. एका दुपारी चपला इथेच ठेवून अनवाणी निघून गेला, तो परत आलाच नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो.
घरी ताईला हे सगळं सांगत होते, तर भाची मध्येच म्हणाली, मावशी, मला पण एक अक्षर दे ना.

मंगळवार
एच नावाचा एक ड्राइव्ह दिसतोय. काढता येण्याजोगी डिस्क, असं लिहून येतं. पण लावलेलं तर काहीच नाही! टेबलाखाली वाकून पाहिलं, सगळी भोकं मोकळी. अक्षर काढून टाकलं. चहा पिऊन आले, तर पुन्हा हजर. मग ध्यानात आलं, मी खुर्चीत बसले की तो येतो आणि उठले की जातो. मास्तरांना बसवून पाहिलं, काही नाही. म्हणाले, तुमच्यावर जीव जडलाय त्याचा. मीही हसले, पण आतून चरकले.

बुधवार
आज उघडला. आत नुसते व्हिडिओ. एक लावला. आमच्या जुन्या घरातली खिडकी, लहान मुलाच्या उंचीवरून दिसणारी. खिडकीशी बाबा दाढी करताहेत, शीळ घालताहेत. मग वळतात आणि साबणाचा फेस माझ्या नाकाला लावतात.
आमच्याकडे कॅमेरा कधीच नव्हता. आणि बाबांना जाऊन कित्येक वर्षं झाली.
भ्यायला हवं होतं. मी मात्र ओढणी तोंडाशी धरून दिवसभर बघत राहिले. उठलं की जातात, म्हणून जेवायलाही उठले नाही. शेवटी त्या ड्राइव्हला कायमचं अक्षर देऊन टाकलं. बी. बाबांचा बी. मग उठून दारापर्यंत गेले आणि वळून पाहिलं. ड्राइव्ह गेला नव्हता.

गुरुवार
ताईला दाखवायला एक व्हिडिओ बॅकअपवर घेतला. घाईत कॉपीऐवजी कट झालं, बीवर तो उरलाच नाही. घरी तिला सांगायला गेले आणि अडखळलेच. काय दाखवणार होते मी? बाबांचं काहीतरी, एवढंच सुचत होतं. ताई म्हणाली, "अगं, ते दाढी करताना शीळ घालायचे, तू फेस मागायचीस. आठवत नाही?"
नाही आठवत. कालचं पान वाचलं. अक्षर माझंच आहे, पण दुसऱ्याच कुणाच्या बाबांबद्दल वाचतेय असं वाटतं.
व्हिडिओ परत बीवर ठेवायला हवा. उद्या.

शुक्रवार
स्टुडिओत जायचं धाडस होईना. गेले नाही. ताईला सगळं सांगितलं. तिनं मला वेड्यात काढलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. मास्तरांना फोन करून सांगितलं, बीला दुसरं काही करू नका, फक्त एक्सवरचा तो व्हिडिओ बीवर परत ठेवा. म्हणाले, निश्चिंत राहा.

शुक्रवार, दुपार
मास्तरांचा फोन. खुशीत होते. म्हणाले, "कॉम्प्युटर म्हणत होता, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. मी हो म्हटलं, आता हिरवी पट्टी निम्म्यावर आलीय —"
मी ओरडले, त्यानं सगळं पुसलं जाईल! थांबवा. ते म्हणाले, थांबत नाहीये.
ताई तशीच धावत सुटली, वायर उपटायला.

लिहून ठेवते. बाबा. जुनं घर. घराला खिडकी — ती तर वर वाचली. आई. आई होती ना? असणारच —

शाळेत माझ्या शेजारी बसायची ती

फोन वाजतोय. कुणी मास्तर आहेत.

एक लहान मुलगी माझा हात धरून रडतेय. मावशी म्हणते. म्हटलं, रडू नको बाळा, येईल तुझी मावशी. तर जास्तच रडायला लागली —

दारातून एक बाई धापा टाकत आत आली. "उपटली गं," म्हणतेय, "वायर उपटली." माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघतेय. दमलीय बिचारी. तिला बस म्हणावं, पाणी द्यावं, पण हे घर कुणा—