बस्त्याची गाठ

काचीगुडा, मंगळवार, १९५०

आज फायलींचा बस्ता घरी आणला नाही. हात मोकळे, तर कसंसंच वाटतंय.

निजामाचं राज्य गेलं, दफ्तरातली उर्दू जाऊन इंग्रजी आली. ती मला जमत नाही हे कुणाला दिसू नये, म्हणून रोज बस्ता बांधून आणायचो आणि डिक्शनरी घेऊन बसायचो. नोकरीच गेली तर?

आज पाचला निघणार, तोच नवे नागपूरचे साहेब टेबलाशी आले. बस्त्याची गाठ त्यांनी स्वतः सोडली, आतली डिक्शनरी वर आली. मी घाबरलोच.

"जोशीबुवा, मला उर्दू येते?"

"नाही, साब."

"मग मी घरी लपून शिकतो? भर दफ्तरात तुम्हाला विचारतो. तुम्हीही इंग्रजी मला विचारा, उद्या. आता घरी जा."

साहेब असून असं बोलावं! आणि गाठ किती सहज सोडली.

सुमननं नेहमीसारखा कंदील आणून ठेवला. "बाबा, बस्ता?"

"नाही आणला."

पोरगी बस्त्याच्या जागी मांडीवर येऊन बसली. आता तिथंच झोपलीय. हलता येत नाही. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.