येसूच्या नावाची नोंद

विलेपार्ले (पूर्व)

प्रिय माणिक,

फोनवर सांगायचं म्हणून काल दोनदा तुझा नंबर लावला, आणि दोन्ही वेळा तुझ्या खुब्याचं, फिजिओवालीचं ऐकून फोन ठेवला. कागदावर तरी धीर होतो का बघते. आधी एक सांगते, शौनकवर चिडू नकोस. तू नुकतीच खुब्याचं ऑपरेशन होऊन बोरिवलीला त्याच्याकडे गेली होतीस. "मावशी, आत्ता आईला काही कळू देऊ नका" असं त्यानं हात जोडून सांगितलं, आणि मलाही ते सोयीचंच वाटलं.

माणिक, आपल्या वाचनालयाच्या जुन्या पोथ्या गेल्या गं.

इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा पेट्या साकीनाक्याच्या गोदामात ठेवल्या होत्या, ते तुला माहीत आहे. तळमजला, कोरडी जागा, लोखंडी शटर. वर धातूला मुलामा द्यायचा कारखाना आहे, त्याचा कुणी विचारच केला नाही. दिवाळीत सगळं बंद असताना त्यांची टाकी फुटली आणि ते घाण पाणी आपल्या पेट्यांवर ठिबकत राहिलं. सुट्ट्या संपल्यावर लवूनं शटर उघडलं. इतकी वर्षं आपल्याकडे शिपाई आहे, पण त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "बाईनू, सगळां भिजलां," एवढंच म्हणाला आणि फोन तसाच चालू ठेवून रडायला लागला.

आम्ही गच्चीवर चादरी पसरल्या, टिपकागद आणले. शिळाप्रेसची पुस्तकं विटांसारखी घट्ट झाली होती. पोथ्यांवर हिरवट बुरशी. पोथ्या दुरुस्त करणारी गंधाली आली, तिनं एक पान चिमट्यानं जेमतेम उचललं आणि परत ठेवलं. "काकू, उघडू नका. उघडलंत तर अक्षरं टिपकागदावर येतील." मी ऐकलं नाही. तुझ्या घरची पोथी होती ना ती. अक्षरं खरंच टिपकागदावर आली, उलटी, आणि वाळता वाळता नुसता तपकिरी डाग उरला.

स्कॅनर सगळ्या वाचनालयांत मिळून एकच. आधी मुलुंड, मग घाटकोपर, मग आपण. दिवाळीनंतर आपला नंबर होता. मुलुंडवाल्यांची पुस्तकं सुखरूप संगणकावर चढली आहेत, कुणीही बघावीत, आणि मला त्याचा आनंद होत नाही. इतकी कोती मी कधी झाले? मोबाइलवर फोटो काढायला बंदी होती, तीही आपणच भांडून घालून घेतलेली. कोण कुठली अर्धीमुर्धी पानं फिरवत बसेल म्हणून. तेव्हा किती शहाण्यासारखं वाटलं होतं.

तुझ्या पणजीची ती पोथी उघडली तो दिवस डोळ्यासमोरून हलत नाही. घरात सगळे म्हणायचे, कुणा वैद्याची वही असेल, बाळंतिणीच्या औषधांची. तू भिंग घेऊन मोडी वाचत होतीस, मी टाइप करत होते. शेवटच्या पानावर तू थांबलीस आणि ओरडलीस, "सुलू, ही बाई आहे गं!" मग हळूहळू वाचलंस, 'मज विधवेस दुसरा उद्योग नाही म्हणोन लिहिले. हस्ताक्षर येसू. चुकले माकले सोसावे.' तुझ्या घरात तिचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. नुसती 'सोवळी आजी' म्हणायचे तिला. त्या दिवशी आपण दोघी जेवलोही नाही.

आणि सगळ्या वाचनालयांच्या संयुक्त बैठकीत मुलुंडचे नंदकिशोर म्हणाले, येसू पुरुषाचंही नाव असू शकतं. काय तुटून पडलीस त्यांच्यावर! "अहो, 'मज विधवेस' म्हणतेय ती, अजून काय पुरावा पाहिजे?" शेवटी सामायिक सूचीत नाव चढलं. लेखनकार: येसू. तू मला पार्ल्याच्या स्टेशनाबाहेर वडापाव खाऊ घातलास आणि सारखी हसत होतीस.

दर आठवड्याला तू फोनवर विचारतेस, आपली पोथी कधी स्कॅन होणार. मी म्हणते, नंबर लागायचाय. आता हे वाक्य माझ्यानं बोलवत नाही.

आज हे लिहायचं कारण असं की काल पुन्हा संयुक्त बैठक झाली. मूळ प्रत नाही आणि स्कॅनचं चित्रही नाही, नुसती टाइप केलेली नक्कल आहे, अशा नोंदीतला पडताळता न येणारा मजकूर सूचीत ठेवायचा नाही, असं ठरलं. नंदकिशोर खाली मान घालून म्हणाले, "सुलक्षणाताई, मला वाईट वाटतंय, पण उद्या कुणी विचारलं तर दाखवणार काय?" मी भांडायला उभी राहिले. आणि परत खाली बसले, कारण त्यांचं बरोबर होतं. आपण दुसऱ्यांच्या नोंदी याच नियमानं खोडल्या आहेत, माणिक. आपल्या वाचनालयाच्या नोंदी माझ्याकडेच असल्यामुळे हा बदलही मलाच करायचा होता. आज सकाळी केला. तू रोज दुपारी शौनकच्या टॅबवर सूची उघडून तिचं नाव बघतेस, असं तो मला म्हणाला होता. आता उघडलीस तर तिथे 'लेखनकार: अज्ञात' असं दिसेल. ते माझ्या हातचं आहे, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. शौनकला सांगितलंय, हे पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत टॅब देऊ नकोस. वाचून झालं की लगेच फोन करू नकोस. मला बोलता येणार नाही.

तुझीच,
सुलू