कोंढरीचा बॉयलर

मु. कोंढरी, तालुका अकोले
मार्गशीर्ष, सन १९४३

तीर्थस्वरूप कारभारीदाजी यांच्या पायांशी रंगनाथाचा दंडवत. बनुअक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. अक्काचे गुडघे या थंडीत कसे आहेत ते कळवावे. तुम्ही लावून दिलेली नोकरी अजून आहे आणि मीही अजून आहे. (दुसऱ्या गोष्टीची मंगळवारी दुपारी खात्री नव्हती. तीच हकिकत लिहितो. अक्काला वाचून दाखवताना मधलं जरा गाळा.)

दाजी, तुम्ही म्हणाला होतात, डोंगरातलं हवेशीर गाव आहे. डोंगर आहेत, चारी बाजूंनी आहेत, हवा मात्र त्यांनी अडवून धरली आहे. आपल्या पुणतांब्याला नदीकाठी उभं राहिलं की कोण येतंय ते कितीतरी आधी दिसतं. इथे बिबट्या असो की मॅनेजर, अंगावर आल्यावरच कळतो. खोऱ्याच्या तळाशी थोडीशी घरं, एक वाण्याचं दुकान, एक मारुती, आणि मधोमध आमचा हिरड्याचा कारखाना. डोंगरावरचे लोक पाट्या भरून हिरडा आणतात, बाया तो वाळवून निवडतात आणि वाफेवर चालणारी चक्की तो भरडते. लढाई चालू आहे, पलटणीला बूट हवेत, बुटांना कातडं हवं आणि कातडं कमवायला हिरडा. (जर्मनाला हरवण्यात कोंढरीचा वाटा आहे, असं मॅनेजरसाहेब वरचेवर सांगतात.) भरड्याची पिवळी धूळ सगळ्या गावावर बसते. इथे चहासुद्धा तुरट लागतो.

माझ्याकडे पोत्यांची कोठी आहे आणि कोठीच्या भिंतीपलीकडे बॉयलर. दिवसभर तो निजलेल्या रेड्यासारखा घोरतो. तो सांभाळणारे गनीभाई नगरचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "कोठीवाले, हा हाय तोवर तुमाला थंडी न्हाई." मी विचारलं, आणि फुटला तर? म्हणाले, "मग तर अजिबातच न्हाई." त्या दिवसापासून मी भिंतीकडे पाठ करून बसत नाही. आमच्या मनकर्णेला मात्र कशाचंच भय नाही. तीही शेजारच्या छबूबाईबरोबर हिरडा निवडायला येते. (घरात साप निघाला तर ती आधी चुलीवरचं कालवण उतरवते, मग काठी शोधते. मी तोवर वाण्याच्या दुकानात पोचलेला असतो.)

तर मंगळवारी दुपारी भलत्याच वेळी कारखान्याची शिट्टी वाजायला लागली, ती थांबेचना. एक डोंगर ती दुसऱ्याकडे फेकतो, दुसरा परत पाठवतो, सगळं खोरं किंचाळायला लागलं. वाणी ओरडला, "जपान आला!" कुणी ओरडलं, "बायलर फुटतोय!" आणि सगळं गाव डोंगर चढायला लागलं. सगळ्यांच्या पुढे मी होतो. मारुतीपाशी दम लागला तेव्हा मागे वळून बायकांत मनकर्णा शोधली, ती दिसेना. छबूबाई काखेत कोंबडी घेऊन पळत होती. ती म्हणाली, "मनकर्णा? ती तर आतच हुती की!"

दाजी, मी वळलो नाही, माझे पाय वळले. मी त्यांना नको नको म्हणत होतो.

आत सगळं पांढरं. मनकर्णेला हाका मारत शिरलो, तर बॉयलरपाशी गनीभाई पडलेले, पाय मुरगळून सुजलेला. जादा वाफ आपोआप सोडणारी झडप अडकून बसली होती, म्हणून त्यांनीच वर चढून शिट्टीची साखळी ओढून सुतळीने बांधून ठेवली होती आणि उतरताना घसरले होते. मला कानाशी ओढून ओरडले, "बाई गेल्या मागच्या दारानं! शिट्टी वाजतीय तोवर भिऊ नका, वाफ भाईर चाललीय. बंद पडली, तर भ्या!"

एवढं म्हणतात तोच सुतळी तुटली आणि शिट्टी बंद पडली.

असली शांतता वैऱ्यालाही ऐकू येऊ नये. "साखळी!" गनीभाई ओरडले, "लोंबकळा!" मी उडी मारली आणि लोंबकळलो. शिट्टी पुन्हा किंचाळली. गनीभाई सरपटत भट्टीपाशी गेले आणि लोखंडी आकड्याने जळते ओंडके एकेक करून बाहेर ओढू लागले. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला गेलो, तर तोंडातून तेराचा पाढा निघाला. तोच म्हणत राहिलो. हळूहळू शिट्टी घोगरी झाली, कण्हायला लागली, निमाली. गनीभाई म्हणाले, "सोडा आता." मला सोडता येईना. त्यांनी भिंत धरून, एका पायावर उभं राहून माझं एकेक बोट उकललं.

मनकर्णा समोरच्या उतारावर होती. हिरडा निवडणाऱ्या म्हाताऱ्या लंकाबाईला चालवेना, म्हणून तिला पाठीवर घेऊन मागून निघाली होती. तिथून तिने मला आधी पळताना पाहिलं आणि मग आत शिरताना. खाली आली, पदराने माझं काळं तोंड पुसलं आणि म्हणाली, "येडं का काय तुमी?" आणि रडायला लागली. लग्नापासून तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला पुन्हा भीती वाटायला लागली.

आता गाव मला धाडसी समजतं. मॅनेजरसाहेबांनी हार घातला आणि त्याच दमात हुकूम दिला, की गनीभाईंचा पाय बरा होईतो बॉयलर रंगनाथने सांभाळावा. ते शेजारी बसून सांगतील, मी करायचं. दाजी, हे काय होऊन बसलं?

आपला आज्ञाधारक,
रंगनाथ

ता. क. पत्र पोचताच एक तार करावी : 'बनुबाई फार आजारी, रंगनाथास ताबडतोब धाडा.' (अक्काने राग मानू नये. तारेपुरतंच आजारी पडायचं आहे.)

आणखी ता. क. मनकर्णेने पत्र वाचायला लावलं. ती म्हणते, अक्का आजारी असल्या तर मी जाईन शेवेला, तुमी बायलरवर ऱ्हावा. तेव्हा अक्काऐवजी तुम्हीच आजारी पडावे.

शेवटचा ता. क. तार नको. आत्ताच गनीभाई काठी टेकत येऊन गेले. झडप नवी बसली. तुम्ही नाही आलात तर कारखाना बंद राहील आणि बाया घरी बसतील, म्हणाले. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणालो. उद्या सकाळी भट्टी पेटवायची आहे. तुमच्या राहात्याहून शिर्डी जवळ, तेवढी उदी पाठवा. गनीभाईंनीही मागितली आहे. पुडी नको, डबा भरून पाठवा. बॉयलर मोठा आहे.