मशीन बरोबर होतं

प्रिय ठमे,

ताईला फोन सोडून पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं म्हणशील. अगं, फोनवर तू मला वाक्य पुरं करू देतेस कुठे! कागदाला मध्येच तोडता येत नाही. सकाळपासून नुसती बसतेय नि उठतेय. मघाशी तर धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली. जिवाला चैन म्हणून नाही.

आमच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलंय. हृदय थकलं, त्याला रक्त नीट ढकलता येईना, की ते रक्तात एक पदार्थ जास्त सोडायला लागतं. हे मशीन तो मोजतं. आणि आमच्याकडची रीत अशी, की नव्या मशीनला आधी आपल्यातल्याच धडधाकट माणसांचं रक्त द्यायचं. मी नेहमीप्रमाणे बाही सरसावून सगळ्यांत पुढे! बाकीच्यांचे आकडे शहाण्यासारखे आले, माझा मात्र भलताच वर. मी अशी भडकले म्हणून सांगू! कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं, त्या बिचाऱ्याला नाही नाही ते ऐकवलं. त्याने सगळं उघडलं, पुसलं, जोडलं. मी पुन्हा रक्त दिलं. पुन्हा तेच. मग तो माझ्याकडे न बघताच पुटपुटला, की मशीनला काही झालेलं नाही, मॅडम. इतकी वर्षं लोकांचं रक्त तपासतेय, पण मशीन बिघडलंय हे मला चटकन पटलं. मी बिघडले असेन हे डोक्यातही आलं नाही.

बाबा शेवटी शेवटी खुर्चीत बसूनच झोपायचे, आठवतं? आडवं झालं की जीव गुदमरतो म्हणायचे, आणि आपण कार्ट्या त्यांना महाराज म्हणून चिडवायचो, सिंहासन सोडत नाहीत म्हणून. वय झालं, असं सगळे म्हणाले. वय कसलं गं, आत्ता माझं आहे तेवढंच तर होतं.

इको करून झाली. हृदयाचा जोर बराच कमी झालाय. गोळ्या सुरू आहेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळेत सापडलं, सुधारेल. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण मी एवढ्यात जात नाही, तेव्हा माझ्या कपाटावर डोळा ठेवू नकोस.

डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, की सख्खं कुणी आहे का, कारण हे घराण्यात उतरू शकतं. तेव्हापासून माझं बूड एका जागी टिकत नाही. गेल्या खेपेला तू आलीस, तेव्हा जिन्यात मध्येच थांबून कठड्याला धरून फोन बघत राहिलीस. मी वरून ओरडले, की पुरे झालं ते फोनचं वेड. ठमे, तुझा फोन बंद पडला होता. वर आल्या आल्या तू माझा चार्जर मागितलास. उद्याच जा. रक्त दे, इकोही कर. आणि आकडा वाईट आला तर मशीनशी भांडत बसू नकोस, ते माझं करून झालंय.

तुझीच,
ताई