नवऱ्याची हरकत नाही

मंगळवार, ४ तारीख

सगळं बदललं ते एका क्षणात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नवऱ्याची काही हरकत?" — आणि माझी मान हलली. नाही म्हणून. मी हलवली की आपली आपण हलली, देव जाणे. बायकोची एक किडनी तिच्या बापाला. ज्या बापाने आमच्या लग्नापासून तिचं तोंड पाहिलं नाही, त्याला!

आज तिला घरी आणलं. तीन जिने. प्रत्येक वळणावर थांबत. खालच्या मजल्यावरची मावशी दारातच उभी — "उचलून ने की रे, हात काय भाड्याने दिलेत?" उचलायचं नाही असं सांगितलंय, टाक्यांना ताण बसतो. एवढं समजावायचंही त्राण नव्हतं.

राग यायला पाहिजे होता. येत नाहीये. मोटर जळायला आली की नुसती घूं करते, फिरत नाही. तसं झालंय.

बुधवार, ५

खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरते. मी धरायला गेलो तर म्हणाली, "तू नको. तू जोरात दाबतोस."

शुक्रवार, ७

दुकानात गेलो. पंख्यांच्या, मिक्सरच्या मोटरी साठून राहिल्यात. मालक म्हणतात, "एकाचा पार्ट काढून दुसऱ्याला बसवायचा, हा तर आपलाच धंदा! गॅरंटी किती देतात ते तेवढं विचार." सगळे हसले. एरवी मी हातातली पक्कड फेकून मारली असती. आज मीही हसलो. मालकच घाबरले. "बरा आहेस ना रे?" — आणि स्वतः उठून पाणी आणून दिलं.

घरी आलो तर ती खिडकीत. "कुणी भेटलं?" तिनंच मला विचारलं. दिवसभर घरात ती, आणि विचारते मला!

"कोण भेटणार?"

"नाही... बाबांना अजून बाहेर पडू देत नसतील."

"फोन तरी करता येतो. माझा नंबर आहे की त्यांच्याकडे." तिचा फोन हॉस्पिटलात पडून फुटला. दुरुस्तीला टाकायचं राहूनच जातंय. "तूच कर माझ्यावरून."

"नको. किडनी दिली आणि आता वसुलीला आली, असं वाटेल."

पुन्हा खिडकीकडे तोंड.

सोमवार, १०

मेहुणा दुकानात आला. आम्ही दोघं त्याला इस्त्री म्हणतो — बसला तरी शर्टाला सुरकुती पडत नाही. काउंटरवरच्या जळक्या मोटरींकडे बघून म्हणाला, "इंजिनिअर होणार होतास ना तू?" दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं ते त्याच्याच बहिणीपायी, हे त्याला पाठ आहे. तरी विचारतो.

मग मुद्द्यावर आला. "बाबा रोज तिचं नाव घेतात. तिला घरी आण म्हणतात. आई आहे, नर्स येते, दोघांचंही एकत्र होईल." शर्टाची बाही सारखी केली. "फक्त तिला. तुझं नाव निघालं की त्यांचं बीपी चढतं. समजून घे."

"मग तिलाच सांगायचं."

"तिचा फोन लागत नाही. आणि तुमच्या घरी यायचं म्हणजे..."

"सांगतो," म्हणालो.

घरी आलो. "कुणी भेटलं?"

"गिऱ्हाईकं," म्हणालो.

गेली तर परत येईल का? तिथे आई, नर्स, आणि ज्याच्यासाठी उशीत तोंड खुपसून रडायची तो बाप. इथे मी आणि तीन जिने.

मंगळवार, ११

नाही सांगितलं.

बुधवार, १२

टाक्यांखाली तिची कातडी बधिर आहे. "इथे बोट ठेव. ठेवलंस?" ठेवलं होतं. "बघ, कळत नाही!" आणि हसायला लागली. हसली की दुखतं. मग "उशी! अरे उशी दे!"

केवढी आवडते ती मला तेव्हा. वेड लागेल इतकी. हे मला माहीत आहे, पाढा माहीत असावा तसं. पण आत काही हलत नाही.

शुक्रवार, १४

दुपारी जेवायला आलो तर ती जिन्यात. एकटी! कठडा धरून, घामाने चिंब. मावशी तिला कवटाळून ओरडतेय, "अगं बये, कुठे निघालीस जीव द्यायला?"

"बाबांकडे." मावशीला नाही, मला म्हणाली. "ते काही बोलावत नाहीत. मीच जाते. लांबून बघते आणि येते."

वर आणलं. निजवलं. टाके शाबूत होते.

मग सांगितलं. सोमवारी इस्त्री आला होता. काय म्हणाला ते सगळं. "फक्त तिला," तेसुद्धा. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो, भांडण झालं असतं, मिटलं असतं. आमचं असंच मिटतं. पण तिनं उशी पोटाशी ओढून घेतली. म्हणाली, "रोज विचारत होते मी तुला. रोज."

अंधार पडायला आल्यावर आणखी एकदा बोलली. "डॉक्टरांना हरकत आहे म्हणायचं होतंस. मान हलवलीस, मला वाटलं, बाबा मला काय आहेत ते ह्याला कळलं."

तिची पिशवी भरायला घेतली.

शनिवार, १५

नेऊन सोडली. टॅक्सी थेट दारापर्यंत गेली. तिथे जिने नाहीत.

सासरे खुर्चीत, तोंडाला मास्क, मांडीवर उशी. तिला बघून त्यांना हुंदका आला, तिलाही — आणि दोघांनी एकदमच आपापली उशी पोटाशी दाबली. तिनं डावीकडे, त्यांनी उजवीकडे. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सासूबाईंना गोळ्या समजावल्या, कुठली जेवणाआधी, कुठली नंतर. त्या मान डोलवत होत्या, नजर तिकडेच.

कधी येशील, असं तिनं विचारलं नाही. "येतो," मी म्हणालो. कुणाला म्हणालो कोण जाणे.

बाहेर आलो. जन्मात पहिल्यांदा दार न आपटता लावलं.