चौथं रीळ

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ७.१०

संकल्प: सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाला एक तरी बघण्यालायक सिनेमा दाखवणे. कालचा म्हणजे कहर होता. दोन तास तीन माणसं एकमेकांच्या धोतराला आग लावत होती आणि मंडळ खिदळत होतं. मी उभी राहिले. म्हटलं, सिनेमा कशाला म्हणतात ते मी दाखवते. शनिवार, २२ तारीख, संध्याकाळी पाच, सोसायटीचा हॉल. सगळे गप्प झाले. मी बोलले की होतात.

कोणता, तेही ठरलेलं आहे. फेब्रुवारी १९७९, आमच्या कॉलेजची फिल्म सोसायटी. मी सेक्रेटरी. परदेशी वकिलातींकडून डबे यायचे, लेबलं मी लावायची, शरच्चंद्र मशीन चालवायचा. सबटायटल नसायची. म्हणून लता पडद्याशेजारी टॉर्च घेऊन उभी राहायची आणि टाइप केलेल्या कागदावरून मराठीत सांगायची. माझ्या कारकिर्दीत एक चूक नाही.

गोष्ट अशी. डोंगरातली एक बाई भिंतीवरचं घड्याळ पाठीला बांधून निघते. खाली समुद्रावर एक म्हातारा कोळी जाळं विणत तिची वाट बघतो. ती पोचत नाही. संपलं. काळ पाठीवर घेऊन निघालेला माणूस पोचत नाही, हा अर्थ. मुलीला, स्वरदाला, मी तो बारावीच्या निकालाला, लग्नाच्या आदल्या दिवशी आणि बाळंतपणात सांगितला. तिन्ही वेळा ती रडली.

नाव आठवत नाही. त्यांच्या लिपीत होतं, त्यामुळे आठवण्याचा प्रश्नच नाही.

४ नोव्हेंबर. दुपारी ३

स्वरदाने दिवाळीत टीव्हीवर सात ॲप घालून दिलीत. सातांत एक सिनेमा सापडायला दोन दिवस पुरेत. विमा कंपनीच्या रेकॉर्ड सेक्शनला मी तीस वर्षं काढली, चाळीस हजार फायली होत्या.

पहिलं ॲप उघडलं. कोण बघतंय असं विचारलं. चार चित्रं होती. त्यातलं अस्वल सभ्य वाटलं, ते दाबलं. 'जागतिक अभिजात' शोधलं. ससा आला.

६ नोव्हेंबर. दुपारी ४

अजून ससा. आज एक गाणारी बसही. जगाची अभिरुची इतकी खालावली असेल असं वाटलं नव्हतं.

स्वरदाचा बोरिवलीहून फोन. म्हणाली, आई, तू तीन दिवस लहान मुलांच्या प्रोफाइलमध्ये बसली आहेस गं!

मला माहीत होतं. सुरुवात पायापासून करावी.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०

मोठ्यांच्या खात्यात गेले. 'क्लासिक' विभाग आहे. त्यातला सर्वांत जुना सिनेमा २००४ सालचा. माझा मिक्सर त्याहून जुना आहे.

'डोंगर बाई घड्याळ' असं बोलून शोधलं. लगेच एक कृष्णधवल सिनेमा आला. डोंगर होता. बाईही होती, पाठीवर घड्याळसुद्धा. पण बाई हसत होती आणि एक बकरी पोस्टमनची टोपी खात होती. आठ मिनिटांत बंद केला. माझ्या सिनेमात बकरी नव्हती. हसण्यासारखंही काही नव्हतं.

मग पोळ्या करायला आत गेले. टीव्हीने आपल्या मनाने दुसरा सिनेमा लावला. अचानक हॉलमध्ये बाई किंचाळली. घड्याळाचे ठोके पडत होते आणि एक बाहुली दार उघडत होती. मी घाबरले नाही. हातात लाटणं होतं, ते पोळ्या चालू होत्या म्हणून. शेजारच्या लोकांना बेल वाजवून बोलावलं, ते रिमोटचं बटण अडकलं होतं म्हणून.

१० नोव्हेंबर. सकाळी ८

बागेत अण्णा भेटले. मंडळाचे अध्यक्ष, वय एक्याऐंशी, आयुष्य गिरणीत आणि मन मालवणात. लांबूनच ओरडले, जयंतीबाय, शिनेमा गावलो काय?

म्हटलं, शोध चालू आहे. इंटरनेटवर सगळं असतं.

म्हणाले, मगे गावणा कित्याक नाय? सपनात तर नाय ना बघितलंस?

बाकावरच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. तीन फेऱ्यांऐवजी एक फेरी मारून घरी आले. ऊन फार होतं.

१० नोव्हेंबर. दुपारी २

मृणालिनीताईचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, असंच सुरू झालं होतं. ती एक तपकिरी इरकल शोधत होती. काठाला मोर असलेली. दोन महिने. कपाटं उपसली, धोबी बदलला, मोलकरणीवर आळ घेतला. आईने दिलेली, म्हणायची. साडीचा पदर कसा होता ते बोटांनी दाखवायची.

ती साडी कधीच नव्हती.

मग सहा वर्षं. शेवटच्या दोन वर्षांत मला ती 'सिस्टर' म्हणायची. बहीण म्हणून नव्हे, नर्स म्हणून.

हे इथे लिहिण्याचं कारण नाही. लिहिलं गेलं.

११ नोव्हेंबर. सकाळी ६

नवा नियम: रोज उठल्यावर एकोणतीसचा पाढा. आज न अडखळता म्हटला. दोनदा. दुसऱ्यांदा म्हणताना दूध उतू गेलं. दूध लक्ष ठेवण्याची गोष्ट आहे, स्मरणाची नव्हे.

तिसरं ॲप बघितलं. एका कोरियन सिनेमावर लिहून आलं, 'तुमच्या भागात उपलब्ध नाही.' मुलुंड पूर्व म्हणजे काय जंगल आहे?

१३ नोव्हेंबर. सकाळी ११

चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता. काच थंड राहते.

डॉक्टरांना फोन केला. डोक्याच्या. सोमवार २४, अकरा वाजता. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कोण? म्हटलं, ओळखीच्या आहेत.

ठराव: २२ तारखेपर्यंत सिनेमा सापडला, तर डोकं शाबूत. मग डॉक्टरांची गरज नाही. नाही सापडला, तर बघू. सरळ हिशेब आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

पाचवं ॲप. एक हंगेरियन सिनेमा सुरू केला, अतिशय दर्जेदार. चाळीस मिनिटं पाऊस आणि एक घोडा. मधेच पडदा काळा करून विचारतं, 'अजून बघताय का?' दचकून जागी झाले. म्हणजे दचकले. जागीच होते.

डॉक्टरांची वेळ रद्द केली. उगाच कुणा गरजूची जागा अडवू नये.

१७ नोव्हेंबर. दुपारी १

स्वरदा आली होती. दारातूनच म्हणाली, आई, गॅस!

गॅस बंद होता. शेगडी बंद होती, बटण थोडंसं चालू होतं.

जेवताना म्हणाली, अगं, माळ्यावर तुझं फिल्म सोसायटीचं रजिस्टर आहे ना? त्यात नाव असणार. काढू का?

म्हटलं, नको. गुडघा.

तुझ्या गुडघ्याचा काय संबंध, मी चढते.

म्हटलं, धूळ आहे. माझं डोकं हेच माझं रजिस्टर आहे.

तिने हातातला घास खाली ठेवला. मग फार मऊ आवाजात म्हणाली, आई, लतामावशीला विचार ना. मुलगी माझ्याशी मऊ आवाजात कधीच बोलत नाही. मृणालिनीताईशी आम्ही सगळे तसंच बोलायचो.

लताला विचारणार नाही. ती अतिशयोक्ती करते.

१९ नोव्हेंबर. सकाळी ९

सातही ॲप संपली. सिनेमा नाही. अण्णांनी हॉलच्या फळ्यावर खडूने लिहिलंय: 'जयंतीबाईंचा जगप्रसिद्ध सिनेमा, शनि. ५ वा., चहा आहे.'

जगप्रसिद्ध.

रद्द केलेली वेळ परत मागितली. मिळाली. मुलगी म्हणाली, त्याच ओळखीच्या का? मी फोन ठेवला.

एकोणतीस सक... एकशे चौऱ्याहत्तर. बरोबर आहे. पण थांबावं लागलं.

२० नोव्हेंबर. संध्याकाळी ५

दहिसरला लताकडे जाऊन आले. सहज.

लता तशीच आहे. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, ये गं हेडबाई, काय चुकलं माझं? चहा झाला. मी सिनेमाचं नाव विचारलं, अगदी बोलता बोलता. घड्याळवाली बाई, समुद्र, कोळी.

लता हसायला लागली. इतकी की ठसका लागला, मला पाठ चोळावी लागली. म्हणाली, अगं यार, तो सिनेमा नाहीच! ते दोन सिनेमे आहेत!

तिचं म्हणणं, त्या आठवड्यात दोन वकिलातींचे डबे एकदम आले होते. बाईच्या सिनेमाची तीन रिळं नीट लागली. चौथं लागलं तर समोर समुद्र. शरच्चंद्र मशीनमागून हात नाचवतोय, काय करू, काय करू! डब्यावर चार लिहिलेलं, तुझ्या अक्षरात. हॉल भरलेला. कागदावर तर पुढे बाई घड्याळ विकून बकरीसकट घरी येते असं होतं. मग मी म्हटलं, 'आणि तिकडे समुद्रावर तिचा नवरा सात वर्षं वाट बघतोय.' सुचलं ते बोलले. कोळी बिचारा बोटीच्या परवान्याची वाट बघत होता गं! ती पोचत नाही, कारण ती त्याच्या सिनेमात नव्हतीच! मागच्या रांगेतल्या मुली रडल्या. तू पण.

मी विचारलं, दुसऱ्या दिवशी कोळ्याचा सिनेमा होता, त्याचं काय?

त्याच्या शेवटी बकरी आली. तीही निभावली मी. तू नव्हतीस, तुला ताप होता.

शेहेचाळीस वर्षं मी लताने टॉर्च धरून रचलेली थाप जगातला सर्वश्रेष्ठ सिनेमा म्हणून सांगते आहे. बाळंतपणातसुद्धा.

पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की मी तो पाहिला होता! जसाच्या तसा. समुद्र होता, बाई होती. इरकल नव्हे. माझं डोकं लख्ख आहे. मी इतकी खूश झाले की तिसरा लाडू घेतला.

मग म्हटलं, पण तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं.

लता म्हणाली, सांगितलं होतं की! खेळ संपल्यावर लगेच. तूच आम्हाला शपथ घातलीस, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

असं काही झालेलं नाही. माझ्याकडून चूक झाली असती तर मला आठवलं असतं. लताचं वय दिसायला लागलंय. फार वाईट वाटलं. निघताना तिला डॉक्टरांचा नंबर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, सोमवारची अकराची वेळ आहे, माझ्या ऐवजी... म्हणजे माझ्या ओळखीने तू जा.

लता हसली नाही. माझा हात धरून बसली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी १०

लताला पुरावा दाखवणं तिच्याच भल्याचं आहे. लेबलं मी लावली, पण डबे शरच्चंद्रने मशीनजवळ रचताना बदलले, हे उघड आहे. रजिस्टर काढते. वॉचमनला शिडी धरायला बोलावलंय. गुडघा आज ठीक आहे.

२१ नोव्हेंबर. सकाळी १०.४०

माझं अक्षर. निळी शाई. उतरवून ठेवते.

'२३ फेब्रुवारी १९७९. चौथ्या डब्यांची अदलाबदल झाली. लेबलं मी लावली होती. लता व शरच्चंद्र यांना कुणालाही न सांगण्याची शपथ घातली. उद्याच्या खेळाला जाणार नाही. ताप आला असं सांगणे.'

खाली सही. सहीखाली दुहेरी रेघ, मी मारते तशी.

वाचलं. परत वाचलं. काहीही आठवत नाही. लता रडवेली झाली असेल, शरच्चंद्र गयावया करत असेल, मी कुठे उभी होते? काही नाही. कोरं. ताप मात्र आठवतो. चांगला सणकून आला होता. आईने कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.३०

बकरीवालाच लावला. दुसरं होतं काय? पहिल्या ॲपवर, मोठ्यांच्या खात्यात गेले त्याच दिवशी आला होता तो. आज पूर्ण बघितला. बाई डोंगर उतरते, बाजारात घड्याळ विकते, टोपीचे पैसे पोस्टमनला देते आणि गाणं म्हणत घरी जाते. पोचते. नवरा दारात उभा असतो. ती म्हणते, आता वेळ कोण सांगणार? तो म्हणतो, बकरी.

मंडळ खूश. अण्णा उठून उभे राहिले, म्हणाले, झकास! असलो शिनेमा व्हयो! पुढच्या शनिवारचंही मला सांगितलंय.

मी मागच्या खुर्चीवर होते. शेवटचं नाव जाईपर्यंत समुद्राची वाट बघत होते.

लता दहिसरहून आली होती. अंधारात शेजारी येऊन बसली आणि तिकडे समुद्रावर कोळी काय करत असेल ते हळूच माझ्या कानात सांगत राहिली. मी तिला गप्प केलं नाही.

जाताना तिला रजिस्टर दाखवलं. ती म्हणाली, अगं, हे विसरायचंच होतं तुला, म्हणून विसरलीस. आजार नाही काही. मी म्हटलं, मग चष्मा? मग गॅस? ती म्हणाली, ते सोमवारी विचारू.

तेव्हा प्रश्न एकच. आपण विसरलो, की विसरायचं ठरवलं, हे डॉक्टरांच्या मशीनमध्ये डोकं घालून दिसतं का. कागदावर लिहून घेतलाय. कागद पर्समध्ये, पर्स दाराच्या खुंटीला.

वेळ अकराची. पेशंटचं नाव आज फोन करून नीट लिहायला सांगितलं: जयंती. ओळखीच्या नव्हे, स्वतः.

गॅस बघितला. बंद आहे. परत बघून येते.